फॅरोचं खरं काम काय होतं? तिसऱ्या रामसेसच्या राज्यातला संप आणि थकलेला शिधा

पाथरवट

इजिप्तच्या राजांवर गप्पा निघाल्या की त्या पिरॅमिड, तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा आणि ममीचा शाप यांच्यापुढे फारशा सरकत नाहीत. मला वेड लावलंय ते इटलीत तुरिनच्या संग्रहालयात असलेल्या एका पपायरसने, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणाने. त्यात सोनं नाही, लढाई नाही. पगार थकला म्हणून कामगारांनी काम बंद केलं, त्याची एका लेखनिकाने ठेवलेली नोंद आहे. फॅरो म्हणजे नक्की काय, हे कळायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

काळ इ.स.पू. ११५७ च्या सुमाराचा. गादीवर तिसरा रामसेस, त्याच्या राज्याचं २९ वं वर्ष. जागा आजच्या लक्झॉरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात. तिथल्या गावाला आज देर अल-मदिना म्हणतात. तटाच्या आत एकमेकांना खेटून साठ-सत्तर घरं. राहणारे सगळे राजाच्या थडग्यावर काम करणारे: पाथरवट, गिलावा करणारे, चित्रकार, सुतार. गावाला शेत नाही, विहीर नाही. पाणीसुद्धा गाढवांवरून वाहून आणायचं. धान्य, मासळी, भाजी, सरपण, कपडा, अंगाला लावायचं तेल, सगळं सरकारी पुरवठ्यावर.

पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला ४ खार एमर गहू (हा आपल्या खपली गव्हाचाच प्रकार) आणि दीड खार जव. गव्हाची भाकरी, जवाची बीअर. मुकादमाला साडेसात खार. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर, म्हणजे कामगाराच्या घरात महिन्याला चारशे लिटरच्या वर धान्य यायचं. मोठं कुटुंब पोसून उरलेल्याच्या बदल्यात चपला, भांडी, बकरी घेता यायची. नाणं अजून जन्माला आलेलं नव्हतं. धान्य हेच अन्न आणि धान्य हाच पैसा, त्यामुळे ते थकलं की दोन्ही एकदम थकायचं.

आता राजाच्या बाजूने बघू. इजिप्तमधल्या जवळजवळ कुठल्याही देवळाच्या भिंतीवर एक चित्र हमखास दिसतं: राजा तळहातावर एक इवलीशी बसलेली देवी घेऊन देवासमोर उभा आहे. तिच्या डोक्यावर शहामृगाचं पीस. ही माआत. सत्य, न्याय, जगाची घडी, ऋतूंचं चक्र, माणसाने माणसाशी नीट वागणं, हे सगळं तिच्यात आलं. राजाचं काम एकच, ही घडी विस्कटू द्यायची नाही. पूर वेळेवर यावा, शत्रू सीमेबाहेर राहावा, देवांना नैवेद्य मिळावा, दुबळ्याचं बळकटाने हिसकावू नये. कल्पना अशी की देशातल्या प्रत्येक देवळात प्रत्येक पूजा राजाच करतो. पुजारी फक्त त्याच्या वतीने उभे असतात. राजा आणि जनता यांच्यात करार असा लिहिलेला कुठे नाही, पण हा करारच होता. तुम्ही कर द्या, वेठीला या, माझं थडगं खोदा. मी जगाची घडी सांभाळतो आणि कोठारं भरलेली ठेवतो.

देर अल-मदिनाच्या लोकांनी हा करार फार गंभीरपणे घेतला. २९ व्या वर्षी, हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याच्या १० तारखेला, अख्खी टोळी दफनभूमीच्या पाच चौक्या ओलांडून बाहेर पडली. "आम्ही उपाशी आहोत, १८ दिवस गेले," असं म्हणत त्यांनी तिसऱ्या थुटमोसच्या देवळामागे ठिय्या दिला. लेखनिक, मुकादम, अधिकारी समजवायला धावले, राजाच्या नावाने आणाभाका झाल्या. लोक हलले नाहीत. पुढच्या दोन दिवसांत ते रामसेस दुसऱ्याच्या देवळात, म्हणजे आज ज्याला रामेसियम म्हणतात तिथे, आत शिरले आणि रात्रभर तिथेच राहिले.

देवळातच का? कारण धान्य तिथे होतं. रामेसियमच्या मागे कच्च्या विटांच्या कमानी छताच्या कोठारांच्या रांगा आजही उभ्या आहेत. देवळं ही त्या राज्याची खळी, गोदामं आणि तिजोरी होती. पोट रिकामं असताना ही माणसं भरल्या कोठाराच्या दारात जाऊन बसली, आणि हे त्यांनी पुरतं विचार करून केलं.

त्यांचं तिथलं म्हणणं लेखनिकाने उतरवून घेतलंय. मराठीत साधारण असं येईल: "भुकेने आणि तहानेने आम्हाला इथे आणलं. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. आमच्या मालकाला, फॅरोला हे कळवा. वजिराला कळवा, म्हणजे आमच्या जगण्याची सोय होईल." राजाविरुद्ध एक शब्द नाही. राजाला त्याच्या कामाची आठवण करून दिली आहे. त्या दिवशी मागच्या महिन्याचा शिधा निघाला.

पण तो मागच्याच महिन्याचा होता. चालू महिन्यासाठी पुन्हा तेच. तेव्हा मेंतमोसे नावाचा पोलीस अधिकारी लोकांना म्हणाला, की अवजारं गोळा करा, घरं बंद करा, बायकामुलं बरोबर घ्या, मी तुमच्यापुढे चालतो, सेती राजाच्या देवळात जाऊन बसा. बंदोबस्ताला नेमलेला माणूस मोर्चाच्या पुढे उभा राहायला तयार! हे वाचल्यापासून मेंतमोसेबद्दल मला अतोनात आदर आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा काम बंद झालं, तेव्हा सूर बदलला होता. लोक म्हणाले, आम्ही फक्त भुकेपोटी चौक्या ओलांडल्या नाहीत. फॅरोच्या या जागी गैरप्रकार झाले आहेत. मोसे नावाच्या कामगाराने तर राजाची शपथ घालून सांगितलं, की मला आज इथून ओढून नेलंत तर एखादं थडगं फोडायचा बेत करूनच मी झोपेन.

वजीर तो (हे त्याचं नाव) त्याच सुमारास दक्षिणेत आला होता. कशाला? राजाच्या राज्याला ३० वर्षं होत आली, त्या सेड उत्सवासाठी दक्षिणेतल्या देवांच्या मूर्ती उत्तरेत न्यायला. सेड उत्सव म्हणजे राजाची शक्ती पुन्हा ताजी करण्याचा, माआतची घडी नव्याने बसवण्याचा सोहळा. वजीर गावात आला नाही, निरोप पाठवला: तुमचा शिधा मी कधी काढून घेतला? कोठारातच काही नसलं तरी जे सापडेल ते तुम्हाला देतो. आणि अर्धा शिधा मंजूर केला.

याच राजाच्या देणग्यांची यादी ब्रिटिश म्युझियममधल्या हॅरिस पपायरसमध्ये आहे, चाळीस मीटरहून लांब. एकट्या थीब्जच्या (म्हणजे आजच्या लक्झॉरच्या) अमून देवाच्या नावावर ८६ हजारांवर माणसं आणि ४ लाख २१ हजार जनावरं. याच काळातल्या थडगं खोदणाऱ्यांच्या पोटाची अवस्था आपण वर वाचली. मेदिनेत हाबू या त्याच्या स्वतःच्या देवळाच्या भिंतीवर हाच राजा समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांचा धुव्वा उडवताना दिसतो, आणि ती लढाई खरोखर झाली होती, त्याने देश वाचवला होता. तरीही माझ्या मते त्याची परीक्षा त्या भिंतीवर नाही, रामेसियमच्या कोठाराच्या दारात झाली.

कृष्णाकाठ

सुंदर लिहिलंय. वाचताना बलुतं आठवलं. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. ते देणं थकलं तर गावाची घडी मोडायची. देर अल-मदिना म्हणजे राजाचे बलुतेदारच की!

पाथरवट

@कृष्णाकाठ, धान्यात मोबदला इथपर्यंत साम्य आहे, पुढे नाही. बलुतेदाराचं नातं अख्ख्या गावाशी आणि हिशेब सुगीचा. इथे मालक एकच, महिन्याचा शिधा ठरलेला, २८ तारखेच्या आसपास पुढच्या महिन्याचा मिळायचा, आणि हजेरीपट! दहा दिवसांचा आठवडा, त्यात शेवटचे दोन दिवस सुट्टी. शिधा किती दिवस थकला हे ते बोट ठेवून सांगू शकले, कारण नोंदी होत्या. चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर लिहिलेल्या अशा हजारो नोंदी गावात सापडल्या आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये रामसेस दुसऱ्याच्या ४० व्या वर्षीचा हजेरीपट आहे. तारखा काळ्या शाईत आणि गैरहजेरीचं कारण वर लाल शाईत: विंचू चावला, डोळे आलेत, बीअर करायची आहे, भावाचं प्रेत मसाल्यात घालायचं आहे, बायकोला किंवा मुलीला रक्तस्राव.

जुनी_वही

शेवटच्या कारणावर थांबले. घरातल्या बाईची पाळी म्हणून पुरुषाची रजा आणि तीही सरकारी हजेरीपटात! लाजेची गोष्ट म्हणून झाकलेली नाही, विंचवाच्या शेजारी सरळ लिहिलेली आहे.

याच गावातल्या नौनाख्ते या बाईबद्दल मला लिहायचं आहे. रामसेस पाचव्याचं तिसरं वर्ष, म्हणजे या संपानंतर साधारण बारा वर्षांनी. आठ मुलांची ही आई पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की मी या आठांना वाढवलं, संसाराला लागेल ते सगळं दिलं. आता मी म्हातारी झाले आणि हे माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने माझा हात धरला त्याला माझं मिळेल, ज्याने धरला नाही त्याला मिळणार नाही. एका मुलाला तिने काशाचं भांडं जास्तीचं दिलं. स्वतःच्या मालमत्तेवर तिचा स्वतःचा हक्क होता, कुणा पुरुषाची परवानगी लागली नाही. हे मृत्युपत्र आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

फॅरोंचा वारसा मोजायचा तर मी पिरॅमिडच्या आधी हे धरेन. राजाच्या नावाचं आणि वर्षाचं शिर्षक देऊन लिहिलेला, एका सामान्य म्हातारीचा कायदेशीर कागद.

गिरणीकाठी

लेख आवडला, पण राजाबद्दल जरा जास्तच मऊ झालात असं वाटतं. करार वगैरे म्हणणं सोपं आहे. एका माणसाच्या थडग्यासाठी लाखो दगड वाहायला लावणारी ती व्यवस्था. या कामगारांना लिहिता-वाचता येत होतं, ते कुशल होते, म्हणून त्यांचं गाऱ्हाणं आपल्यापर्यंत पोचलं. खाणीत आणि शेतात राबणाऱ्या वेठबिगारांचा पपायरस कुठे आहे?

पाथरवट

@गिरणीकाठी, हा प्रश्न हवाच होता. वेठ होती आणि ती क्रूरही होती. पळून गेलेल्यांच्या बदल्यात घरच्यांना डांबून ठेवल्याच्या नोंदीही आहेत. त्यावर पांघरूण घालायचं नाही.

तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मात्र २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फला मिळालं. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवून घेणाऱ्या खुफू राजाच्या काळातले, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पपायरस. इजिप्तमध्ये सापडलेले लिहिलेले सर्वांत जुने पपायरस हेच. त्यात मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची तुकडी तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडी दगड बोटीत भरायची आणि नाईलच्या कालव्यांतून गिझाला, खुफूच्या पिरॅमिडपाशी उतरवायची. दिवसेंदिवस तेच: आज दगड भरला, आज मुक्काम, आज पोचलो. सोबत अन्नधान्य किती आलं त्याचे तक्ते. गिझाला कामगारांची दफनभूमी १९९० पासून खोदली गेली, तिथे मोडलेली हाडं नीट जुळवून बरी केल्याच्या खुणा आहेत. साखळदंडातल्या गुलामांनी पिरॅमिड बांधले, हे चित्र या पुराव्यापुढे टिकत नाही. पण सक्ती नव्हती, असंही यातून सिद्ध होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की खुफूपासून तिसऱ्या रामसेसपर्यंत चौदाशे वर्षं राज्याचा कणा एकच आहे: माणसं गोळा करा, त्यांना खाऊ घाला आणि त्याचा हिशेब ठेवा.

गिरणीकाठी

हिशेब ठेवणाऱ्याच्या हातात लेखणी असते, हे माझं म्हणणं कायम. मेरेरची माहिती मात्र नवीन होती, वाचतो.

सायली_कैरो

नोकरीनिमित्त कैरोत आहे, म्हणून वारशाबद्दल इथलं लिहिते. शाळेच्या पुस्तकात, नोटांवर, स्टेशनांच्या नावांत फॅरो सगळीकडे आहेत. ३ एप्रिल २०२१ ला तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून २२ ममी, १८ राजे आणि ४ राण्या, फुस्तातच्या नव्या संग्रहालयात नेल्या. प्रत्येक ममीला स्वतंत्र सजवलेली गाडी, रस्त्याच्या दुतर्फा रोषणाई, तोफांची सलामी. तुमचा तिसरा रामसेसही त्यात होता. १९२८ मध्ये उभा राहिलेला महमूद मुख्तारचा 'इजिप्तचं पुनरुत्थान' हा पुतळा बघा: बुरखा वर करणारी शेतकरी बाई आणि शेजारी उठून उभा राहणारा स्फिंक्स. इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात हा वारसा देशाला बळ देऊन गेला.

दुसरी बाजूही तितकीच खरी. कुराणातला फिरौन, म्हणजे फॅरोच, हा मूसाचा छळ करणारा जुलमी राजा आहे. त्यामुळे "फिरौन झालाय" हे इथे बोलण्यात सत्ता डोक्यात गेलेल्यासाठी वापरतात. ६ ऑक्टोबर १९८१ ला राष्ट्राध्यक्ष सादात यांच्यावर गोळ्या झाडणारा "मी फॅरोला मारलं" असं ओरडला होता. एकाच देशात, एकाच शब्दाचा अभिमान आणि शिवी दोन्ही. राज्यकर्त्यांना फक्त पहिला अर्थ हवा असतो, लोक दुसरा विसरत नाहीत.

कमाटीबाग

बडोद्याच्या संग्रहालयात एक इजिप्शियन ममी आहे, सयाजीरावांच्या काळात आणलेली. लहानपणी तिच्यापुढे भीतीने पाय अडायचे. ती कुणा फॅरोची नाही, साध्या घरातल्या व्यक्तीची असावी, पण आमच्या पिढीतल्या बडोदेकर मराठी मुलांची इजिप्तशी पहिली ओळख तिनेच करून दिली.

एक शंका. फॅरोंच्या काळात इजिप्तचा आपल्याशी थेट संबंध होता का?

पाथरवट

@कमाटीबाग, एक पक्का धागा मिरीचा. रामसेस दुसरा इ.स.पू. १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिऱ्याचे दाणे सापडले. तेव्हा मिरी पिकायची ती दक्षिण भारतात, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत. कुणाच्या हातून, किती बंदरं बदलत ती गेली याची साखळी हाताशी नाही, त्यामुळे थेट व्यापार होता असं मी म्हणणार नाही. थेट जहाजांची मोठी ये-जा झाली ती फार पुढे, रोमन काळात; तेव्हाचे तमिळ-ब्राह्मी अक्षरं असलेले खापराचे तुकडे तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत मिळाले आहेत. तोवर फॅरो संपले होते.

आडवाट

संपकऱ्यांचं पुढे काय झालं? शिक्षा झाली का? आणि राजाचं?

पाथरवट

@आडवाट, संपकऱ्यांना शिक्षा झाल्याची नोंद त्या पपायरसात नाही. उलट एकदा थीब्जचा नगरप्रमुख जवळून जाताना लोकांनी त्याला गाठलं, तेव्हा फॅरो शिधा देईपर्यंत पोटापुरते म्हणून त्याने ५० खार गहू दिले. त्यावरून त्याच्याविरुद्धच ओरड झाली, की देवळाचा नैवेद्य काढून कामगारांना चारतो, हा मोठा गुन्हा आहे. माआत कुणाच्या बाजूला होती ते तुम्हीच ठरवा. मला उत्तर स्पष्ट दिसतं.

राजाचा शेवट वाईट झाला. सेड उत्सव झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जनानखान्यात कट शिजला. तिये नावाच्या राणीला आपला मुलगा पेंतावेरे गादीवर हवा होता. त्या खटल्याचा पपायरसही तुरिनलाच आहे. काही आरोपींची नावं मुद्दाम बिघडवून लिहिली आहेत, 'रा देव ज्याचा तिरस्कार करतो' अशा अर्थाची, म्हणजे मेल्यानंतरही ते नाव शापच राहावं. पेंतावेरेला स्वतःच जीव द्यावा लागला. राजा कटात मेला की वाचला, यावर शतकभर वाद चालला. २०१२ मध्ये ममीच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष आले: गळा हाडापर्यंत चिरलेला, आणि जखमेत ममी करणाऱ्यांनी होरस देवाच्या डोळ्याचा ताईत ठेवलेला.

शिधा पुढेही थकतच राहिला. मोसेची धमकी काही दशकांनी खरी झाली, नवव्या रामसेसच्या काळात. अमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाने कबुलीजबाब दिला, की आम्ही आठ जणांनी सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, शवपेट्या जाळल्या, १६० देबेन सोनं वाटून घेतलं, म्हणजे साडेचौदा किलोच्या आसपास. पकडला गेला तेव्हा आपला २० देबेनचा वाटा एका लेखनिकाला देऊन तो सुटला, आणि साथीदारांनी पुन्हा आपापल्यातून त्याचा वाटा भरून दिला.

आडवाट

आई गं. डिसेंबरात आम्ही लक्झॉरला जातोय. सगळे राजांच्या खोऱ्यापुरतीच गाडी ठरवून देतात. या लोकांच्या खुणा बघायच्या तर काय बघू?

पाथरवट

पश्चिम काठाला अख्खा दिवस द्या. सकाळी मेदिनेत हाबू, तिथे समुद्रावरची लढाई आणि शत्रूंच्या कापलेल्या हातांचे ढीग मोजणारे लेखनिक बघा. मग देर अल-मदिना. घरांच्या भिंती कंबरेएवढ्या उरल्यात, पण गल्लीतून चालता येतं. तिथेच सेनेजेमचं छोटं थडगं आहे, कामगाराने स्वतःसाठी रंगवून घेतलेलं. नवरा-बायको परलोकात नांगरणी आणि कापणी करताहेत. रंग ताजे आहेत. रामेसियमला गेलात तर फक्त पडलेला पुतळा बघून परतू नका, मागे कोठारांकडे जा.

खोऱ्यात तिसऱ्या रामसेसचं थडगं क्रमांक ११. वीणा वाजवणाऱ्या दोघांच्या चित्रामुळे ते प्रसिद्ध आहे. सुरुवातीलाच बाजूला लहान खोल्या आहेत, त्यांतल्या एकीत राजाचा मुदपाकखाना रंगवला होता: कणीक तुडवणारे, पाव भाजणारे, जनावर कापणारे. आता बरंच झडलंय, पण एकोणिसाव्या शतकात उतरवून घेतलेल्या नकला आहेत, त्या जायच्या आधी नेटवर बघून घ्या. सकाळी लवकर जा, दहानंतर आत उकडतं आणि गर्दीही होते.